बाटलीवरचा पत्ता

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, "काय काय पाहिलंत?" काय पाहायचं राहिलं, असं कुणी विचारत नाही. खरं तर राहिलेल्याची यादी नेहमी प्रामाणिक असते. पाहिलेल्याच्या यादीत मात्र, दुधात असतं तेवढं तरी पाणी असतंच. माझ्या यादीत ते पाणी शब्दशः होतं, आणि एका बाटलीत होतं. त्या बाटलीचीच ही हकिगत.

2019 च्या जूनमध्ये आम्ही उभयता चिरंजीवांकडे फ्रान्समध्ये लियाँला गेलो होतो. चिरंजीव रोज सकाळी कचेरीला जाताना "घरात बसून राहू नका, बाहेर जाऊन खेळा" अशा अर्थाचं काहीतरी सांगून जात. हे वाक्य मी पंचवीस वर्षांपूर्वी त्यालाच सांगत असे. लियाँहून मार्सेय वेगवान आगगाडीने दोन तासांच्या आत येतं. तेव्हा एक दिवस मार्सेय पाहून यायचं ठरलं. ही बातमी मी मोठ्या उत्साहाने नाशिकला नानामामांना फोनवरून दिली. इथेच पहिली चूक झाली.

नानामामा म्हणजे माझे थोरले मामा. वय तेव्हा 86. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला. जगातलं कुठलंही बंदर डोळे मिटून नकाशावर दाखवतील, पण स्वतः नाशिकरोडच्या पुढे क्वचितच गेलेले.

"मार्सेय म्हणजे आपलं मार्सेलिस ना रे?" नानामामा म्हणाले. "मग एक काम कर. सावरकरांनी उडी मारली तिथलं बाटलीभर पाणी घेऊन ये."

आमच्या पिढीला ती उडी पाठ आहे. 8 जुलै 1910 ची सकाळ. 'मोरिया' बोट. संडासाची खिडकी. पोहत गाठलेला धक्का, आणि मग फ्रेंच पोलिसाने धरून पुन्हा बोटीवर पोचवणं. ते प्रकरण पुढे हेगच्या लवादापर्यंत गेलं. पकडताना नियमाबाहेरचं घडलं खरं, पण म्हणून कैदी परत द्यायला इंग्रज बांधील नाहीत, असा निकाल 24 फेब्रुवारी 1911 ला लागला. नानामामांचं सावरकरांशी सगळ्याच बाबतीत पटतं असं नव्हे. त्यांच्या भिंतीवर गांधीजींचीही तसबीर आहे. "गांधीजीसुद्धा 1931 साली गोलमेज परिषदेला जाताना तिथेच उतरले होते," त्यांनी पुस्ती जोडली. "पण ते शिडीवरून उतरले. त्यांचं पाणी नको."

मार्सेयच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोर शहर पसरलेलं दिसतं आणि पायाखाली एक भव्य जिना लागतो. आमच्या हिने उतरताना पायऱ्या मोजल्या. 104 भरल्या. "सुंदर आहे हो," ती म्हणाली, "पण परत चढायच्याही आहेत." प्रवासवर्णनांत हे दुसरं वाक्य कधी नसतं.

ऊन मात्र असं पडलं होतं की आपण नाशिकला आहोत की काय असं वाटावं. समोरच्या टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द हे देऊळ. देऊळच म्हणतो मी. शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेली, अकरा मीटर उंचीची मेरीमाता बाळाला घेऊन उभी आहे, आणि गावातले लोक तिला नुसतं 'चांगली आई' म्हणतात. आत छताला लहान लहान लाकडी जहाजं टांगलेली, भिंतींवर आभाराच्या फरशा. वादळातून वाचलेल्या खलाशांनी फेडलेले नवस ते! हिने चपला काढायला वाकून आजूबाजूला पाहिलं, कुणीच काढत नाही म्हटल्यावर नाइलाजाने तशीच गेली आणि बाहेर येईपर्यंत अवघडलेली होती.

खाली जुन्या बंदरावर सकाळी कोळणी ताजी मासळी विकतात. आमची ही मूळची म्हापशाची. भाषा येत नसताना तिने माशाचे कल्ले उघडून पाहिले आणि मान हलवली. कोळणीनेही तशीच मान हलवली. दोन देशांमधली एवढी स्पष्ट बोलणी मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

मार्सेयचे लोक थापा मारण्याबद्दल साऱ्या फ्रान्समध्ये प्रसिद्ध आहेत. एका सार्डिन माशाने, म्हणजे आपल्या तारलीने, अख्ख्या बंदराचं तोंड बंद केलं होतं अशी त्यांची एक थाप आहे. गंमत अशी, की थाप पूर्ण खोटी नाही. 1780 साली पाँडिचेरीहून आलेलं 'सार्तिन' नावाचं जहाज बंदराच्या तोंडाशीच बुडालं आणि वाट अडली. 'सार्तिन'चं 'सार्डिन' व्हायला एक अक्षर पुरलं! 'मार्सेयेझ' या फ्रेंच राष्ट्रगीताचीही तीच कथा. ते रचलं गेलं 1792 साली स्ट्रासबुर्गला. मार्सेयचे स्वयंसेवक ते गात पॅरिसला गेले म्हणून नाव लागलं मार्सेयचं. एकूण या गावात वस्तू एकीकडची आणि पत्ता दुसरीकडचा, ही रीत जुनी आहे. हे सगळं मी तेव्हा हसत हसत ऐकलं. त्या रीतीत संध्याकाळपर्यंत आपलीही भर पडणार आहे, हे कुठे ठाऊक होतं?

मग बोटीने वीसेक मिनिटांवरच्या इफच्या किल्ल्यावर गेलो. सोळाव्या शतकातला किल्ला, पुढे तुरुंग झाला. पण गर्दी लोटते ती अलेक्झांडर द्युमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'मुळे. त्या कादंबरीचा नायक एदमाँ दांतेस इथे चौदा वर्षं कैदेत असतो आणि मेलेल्या सोबत्याच्या कफनात शिरून समुद्रात फेकला जातो. तिथे दांतेसची कोठडी दाखवतात. शेजारच्या कोठडीत जायला केलेलं भोकसुद्धा दाखवतात! जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याने पाडलेलं भोक लोक वाकून वाकून पाहत होते. एका गृहस्थाने तर त्यात हात घालून पाहिला.

"बघ, माणसं किती भोळी असतात," मी हिला म्हणालो.

पण हिचं लक्ष शेजारच्या कोठडीच्या नावाकडे होतं. आबे फारिया! "अगो बाई, हा तर आमचा!" ती ओरडली. आणि ते खरं होतं. फारिया हा खराखुरा माणूस, 1756 साली गोव्यात कांदोळीला जन्मलेला. संमोहनविद्येच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. त्याने काही काळ मार्सेयमध्ये अध्यापनही केलं होतं. पणजीला त्याचा पुतळा आहे. द्युमाने त्याचं नाव उचललं आणि त्याला इटालियन करून टाकलं. बार्देशातल्या माणसाला परस्पर इटालियन केल्याबद्दल ही परतीच्या बोटीत द्युमावर रुसून बसली होती.

दुपारी मामांच्या कामाला लागलो. जुनं बंदर आता शिडाच्या आणि सहलीच्या होड्यांचं. मोठ्या जहाजांचं बंदर त्याच्या उत्तरेला, जोलियेतच्या बाजूला. तिकडे चालत गेलो तर कॉर्सिकाला आणि अल्जीरियाला जाणाऱ्या प्रचंड बोटी, मोटारींच्या रांगा आणि पाण्याच्या अलीकडे उंच कुंपण. पाणी दिसत होतं, पण पोचता येत नव्हतं. फाटकावर एक पहारेकरी होता. त्याला मराठी येत नव्हतं, मला फ्रेंच येत नव्हतं आणि इंग्रजी आम्हां दोघांनाही सारखंच येत होतं. शेवटी मी अभिनयाचा आश्रय घेतला. बोट दाखवली, खिडकी दाखवली आणि दोन्ही हात पुढे करून उडी मारून दाखवली. पहारेकऱ्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. एक वयस्कर परदेशी इसम समुद्रात उडी टाकू इच्छितो, एवढाच बोध त्याला झाला असावा. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, हिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि आम्हांला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

गाडी साडेसहाची. वर 104 पायऱ्या. मग मी ते केलं. जुन्या बंदरात, सहलीच्या होड्या लागतात त्या धक्क्यावर पालथा पडलो आणि हिच्या पर्समधली खोबरेल तेलाची रिकामी बाटली बुडवून भरून घेतली. "इथे उडी मारली होती?" हिने विचारलं. "समुद्र एकच आहे," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. बायकांच्या न बोलण्यातला मजकूर नवऱ्यांना नेहमी उशिरा कळतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला गेलो. नानामामांनी बाटली उजेडात धरली.

"तिथलंच ना?"

"तिथलंच."

त्यांनी निरखून पाहिलं. पाण्यावर सप्तरंगी तवंग तरंगत होता. नानामामांचे डोळे भरून आले. "गोदीचंच पाणी रे! जहाजांचं तेल दिसतंय बघ." खोबरेलाने माझ्या बाजूने साक्ष दिली होती. खोटं बोलताना आपण एकटे असतो असं नाही, पुरावेही धावून येतात. इफच्या किल्ल्यातलं ते भोक मला आठवलं. सकाळी ज्यावर हसलो होतो, तसलं भोक मी स्वतःच पाडून बसलो होतो.

बाटली देव्हाऱ्यात गंगेच्या गडूशेजारी बसली. 8 जुलैला मामांनी गल्लीतली पोरं जमवली, भिंतीवर नकाशा लावला आणि उडीची गोष्ट सांगितली. मग प्रत्येकाला बाटली हातात धरू दिली. एक सात-आठ वर्षांचा मुलगा ती दोन्ही हातांत अशी धरून उभा होता, की मला तिथे बसवेना.

मी माझी बाजू मनात मांडू लागलो. एक, समुद्र एकच आहे. दोन, 1910 चं पाणी आता गोदीत तरी कुठलं असणार? तीन, म्हातारा माणूस सुखावला, कुणाचं काय बिघडलं? चार, भाव महत्त्वाचा. चारही मुद्दे बिनतोड होते. फक्त एक अडचण होती. हे मुद्दे इतके पक्के होते, तर ते मी मामांनाच का सांगितले नाहीत? समुद्र एकच, तर मी मार्सेयला तरी कशाला वाकलो? जुहूवर भरली असती बाटली!

आणि इफच्या लोकांशी माझी बरोबरी करणं हाही त्यांच्यावर अन्यायच. तिथे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं की दांतेस कादंबरीतला आहे. दाखवणारा आणि पाहणारा, दोघं मिळून तो खेळ खेळतात. हात घालून पाहणारे ते गृहस्थ भोळे नव्हते, ते खेळात होते. माझ्या बाटलीच्या बाबतीत मात्र खेळ चालू आहे हे फक्त मला माहीत होतं. दोघांनी खेळला तर खेळ, एकानेच खेळला तर फसवणूक. एवढी साधी गोष्ट कळायला मला फ्रान्सला जाऊन यावं लागलं.

पोरं गेल्यावर मी मामांना सगळं सांगितलं. कुंपण, पहारेकरी, उडीचा अभिनय, खोबरेल. पहारेकऱ्याच्या जागी ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"कुंपण होतं, जाता आलं नाही, असं सांगितलं असतंस तरी मला चाललं असतं," ते म्हणाले. "मी पाणी मागितलं होतं, पण आनंद तुझ्या जाण्याचा होता. तू ठरवलंस की म्हाताऱ्याला खरं पेलणार नाही. माझं एवढं वय झालं नाही रे अजून."

यावर माझ्याकडे पाचवा मुद्दा नव्हता.

मग ते उठले, टेबलाच्या खणातून कागदाची पट्टी काढली आणि शाळेत नकाशावर लिहीत त्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'मार्सेय. जुने बंदर. जून 2019. गोदीस कुंपण असल्यामुळे आत जाता आले नाही. तेल खोबऱ्याचे.' पट्टी बाटलीवर डकवली आणि बाटली पुन्हा देव्हाऱ्यात होती तिथेच ठेवली.

"तिथेच ठेवता?" मी विचारलं.

"मग? पाण्याने काय केलंय? पत्ता चुकला होता, तो दुरुस्त केला," मामा म्हणाले. "आता उद्या त्या पोरांना पुन्हा बोलाव. आणि हे तू सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. उडीसुद्धा पुन्हा मारून दाखवली. कालचा तो मुलगा बाटलीवरची पट्टी एकेक अक्षर लावून वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने बाटली पुन्हा हातात मागितली, आणि कालच्यासारखीच दोन्ही हातांत धरली.