आधी भिंत, मग भाजी

लेहमध्ये भाजीचा वाफा करायचा म्हटलं, की आधी उणिवाच डोळ्यांत भरतात. उंची सुमारे ३,५०० मीटर. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. जमीन रेताड, हिवाळी रात्री पारा उणे २० अंशांपर्यंत उतरणारा. उघड्यावरचा हंगाम मे ते सप्टेंबर, बस्स. इथे कसली बाग, असं कुणालाही वाटेल.

पण जरा थांबून पाहावं. ऊन लडाखात रग्गड आहे, फक्त ते दिवसा असतं आणि रोपं मरतात रात्रीच्या गारठ्यानं. पाणीही आहे, पण हिमनद्या वितळून ते भरपूर वाहू लागेपर्यंत जून उजाडतो आणि पेरणी त्याआधीच उरकावी लागते. म्हणजे जे आहे, ते अवेळी आहे. त्यामुळे इथल्या बागायतदाराला पिकवण्याआधी साठवता आलं पाहिजे.

ऊन साठवायचं मातीच्या भिंतीत. तिथलं हरितगृह लांबीनं पूर्व-पश्चिम असतं. दक्षिणेची बाजू पारदर्शक प्लास्टिकची, बाकी तीन बाजूंना कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती आणि मधल्या पोकळीत पेंढा किंवा गवत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्याची तिरपी किरणं थेट उत्तरेच्या भिंतीवर पडतात. आतली भिंत दिवसभर तापते, पेंढा ती ऊब बाहेर निसटू देत नाही आणि अंधार पडला की भिंत ती हळूहळू आत सोडते. संध्याकाळी प्लास्टिकवर जाड आच्छादन ओढायचं, सकाळी काढायचं. वसंतात दुपारी आत इतकं तापतं, की छताचा झरोका उघडला नाही तर रोपं माना टाकतात. एवढं सांभाळलं तर बाहेर सगळं गोठलेलं असतानाही आत पालक, कोथिंबीर हाती लागते. भिंतीचा खर्च झेपत नसेल त्यानं जमिनीत चर खणून वर प्लास्टिक ताणावं. तिथे भिंतीचं काम भुईच करते.

पाणी साठवायचं बर्फात. चेवांग नॉर्फेल या स्थापत्य अभियंत्यांनी हिवाळ्यात वाया जाणारे प्रवाह गावाजवळच्या सावलीत अडवून गोठवले. हा बर्फ उंचावरच्या हिमनदीपेक्षा खाली असल्यानं लवकर वितळतो, म्हणजे ऐन पेरणीला. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचा बर्फाचा स्तूप याच विचारातला. शंकूसारख्या आकारामुळे बर्फ पुष्कळ असूनही उन्हाला उघडा पडणारा भाग थोडा, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो.

कसही साठवावाच लागतो. शेण बरंचसं चुलीत जातं. मग जुन्या घरांतल्या कोरड्या संडासात वरून माती टाकत राहायचं आणि तयार झालेलं खत शेतात न्यायचं. शेवटी पीकसुद्धा साठवणीतच जातं: बटाटे, गाजरं, सलगम हिवाळ्यासाठी जमिनीखालच्या खड्ड्यात.

म्हणून अशा ठिकाणी नव्यानं बाग करणाऱ्यानं कोणतं बी आणू, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. त्याआधी रात्रीची ऊब कुठून येणार, पेरणीचं पाणी कुठून येणार आणि मातीला कस कोण देणार, हे ठरवावं. ही तजवीज झाली असेल तर पालकाचं साधं बीही उतरतं. झाली नसेल तर महागड्या संकरित बियाण्याचंही तिथे काही चालत नाही.