वाटसरूचा हिस्सा

जेवणाचे पैसे द्यावेत की देऊ नयेत, हा प्रश्न खाणावळीत पडत नाही. जिथे दरपत्रक नसते तिथेच तो पडतो. २०१८ च्या जुलैत आम्ही दोघे नवरा-बायको सोलापूरहून जुनी ओम्नी घेऊन लेहकडे निघालो होतो. त्या प्रवासातला एक प्रसंग आमच्यात अजून मिटलेला नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

गाडीची मागची बाके काढून तिथे गादी टाकली होती. सोबत छोटी शेगडी, पाच किलोचे सिलिंडर, कुकर, डाळ-तांदूळ, आणि आमच्याकडची कडक भाकरी व शेंगाची चटणी. भिजवलेले मूग फडक्यात बांधून पुढच्या काचेशी ठेवायचे. दिवसभराच्या उन्हाने त्यांना मोड यायचे. टमाटे मिळाले तर त्याचे सार, नाही मिळाले तर चिंचेचे. मजा होती, ती नाकारत नाही. घरी ज्या दोन माणसांचे मिठावरून खटके उडतात, तीच रस्त्याच्या कडेला बसून करपलेली खिचडी मिटक्या मारत खातात.

तांडीच्या पेट्रोलपंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी होती. दोन कॅन भरून घेतले. बारालाचा खिंड ओलांडून संध्याकाळी सरचूच्या मैदानात गाडी लावली. उंची चार हजार मीटरच्या वर. तिथे पाणी ८६-८७ अंशांनाच उकळू लागते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही; कुकरच हवा. कुकर होता. त्याची रबरी रिंग मात्र केलाँगला भांडी धुताना राहून गेली होती. (कोणाकडून, ते लिहायचे नाही असे ठरले आहे.) दोन तास डाळ खदखदत होती आणि दाणा दाताखाली तसाच. भातात कणी राहिली. गॅस संपत आला. विरळ हवेने डोकी ठणकत होती.

शंभर-एक पावलांवर रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांचे तंबू होते. तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. रिंग उसनी मिळते का बघावे म्हणून गेलो. रिंग एकच होती आणि ती कामात होती. त्यांनी आम्हालाच आत बसवून घेतले. मंडळी झारखंडच्या दुमका भागातली, उन्हाळ्याच्या हंगामापुरती आलेली. मसूरडाळ, भात, बटाट्याचा चोखा. आम्हाला वाढल्यावर एकाने पातेल्यात पाणी ओतून डाळ सैल केली, ते आम्ही दोघांनीही पाहिले. पोटभर जेवलो. निघताना पाचशेची नोट ताटाखाली सरकवली.

सकाळी एक पोरगा धावत आला. "आपका पैसा गिर गया था," म्हणाला आणि नोट हातात ठेवून उभा राहिला. त्याला खरेच तसे वाटले होते की आमची लाज राखायला त्याने तसे म्हटले, हे आम्हाला आजही सांगता येत नाही. नोट परत घेतली. कडक भाकरीची चवड आणि चटणीचा डबा मात्र त्याने लगेच घेतला.

आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की नोट द्यायलाच हवी होती. तिथे तांदळाचा दाणा न् दाणा ट्रकने वर चढतो, मजुरीच्या पैशातून येतो. आम्ही जेवलो म्हणजे कोणाची तरी सकाळची वाटी खाल्ली. ते देणेच होते. दुसरीचे म्हणणे, नोट ठेवून आम्ही त्या माणसांना हॉटेलवाले करून टाकले. खरे तर गरिबाचे उपकार आपल्याला पचत नाहीत. पाचशे रुपयांत ते फेडून मोकळे व्हायची घाई झाली होती.

लहानपणापासून ऐकत आलो की जकातीचे जे आठ हकदार कुरआनने सांगितले आहेत, त्यांत मुसाफिरही आहे. घरी तो सधन असला तरी वाटेत अडला असेल तर त्याचा हिस्सा आहे, असे आलिम सांगतात. त्या रात्री आमच्यापैकी एकाला हा आधार वाटला होता. पण आम्ही अडलो होतो कुठे? बँकेत पैसे, गाडीत पेट्रोल, डब्यात भाकरी. आमची उपासमार हौसेची होती, रजा टाकून आणि पैसे मोजून आणलेली. त्यांचा तंबू आणि आमचा तंबू लांबून सारखाच दिसत असेल, एवढेच. घरापासून दूर, परतीची वाट दुसऱ्याच्या हातात, असा मुसाफिर त्या पंगतीत वाढणारा होता. २९ मे २०२० रोजी लडाखमध्ये अडकून पडलेल्या झारखंडच्या साठ मजुरांना विमानाने रांचीला आणल्याची बातमी वाचली, तेव्हा आम्ही दोघेही छायाचित्रात तो पोरगा शोधत होतो. त्याचे नाव विचारायचे राहून गेले होते.

आणि तरीही, वाढणारा गरीब म्हणून ताट नाकारले असते तर? तो आमचा मोठेपणा ठरला असता की त्याच्या देण्याचा हक्क आम्ही हिरावून घेतला असता? इथे आमची दोन्ही बाजूंनी बोलती बंद होते.

सरचू सोडल्यावर गाटाची एकवीस वळणे लागतात. तिथे एका छोट्या ठाण्यापाशी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. कधीकाळी ट्रकवरचा एक क्लीनर तिथे तहानेने मेला, असे सांगतात. येणारे-जाणारे त्याच्यासाठी पाणी ठेवतात. आमच्यातल्या एकीने बाटली ठेवली. दुसरा गाडीतून उतरला नाही. मागच्या वळणावर खडी फोडणाऱ्यांना आपण पाणी विचारले का, म्हणाला. मग गाडी वळवायला जागा कुठे होती, यावरून लेहपर्यंत वाद चालला.

ती पाचशेची नोट लेहला पेट्रोलात गेली.