आश्रयदोष आणि मुंबईचे हॉटेल

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. मराठी व्याकरणामुळे घरोघर ठाऊक असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर तिचे प्रवर्तक, राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. सभासद व्हायचे तर नुसती शपथ पुरत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. एक घास आणि एक घोट, पण त्यासाठी दारे लावून घ्यावी लागत, कारण बाहेर कळले तर जात वाळीत टाकणार हे ठरलेले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे असलेले दफ्तर चोरीला गेले आणि आता आपण उघडे पडणार या धास्तीनेच सभा मोडली.

पाव खाल्ल्याने धर्म कसा बुडतो? प्रश्न आज हास्यास्पद वाटतो, पण त्यामागे हजारो वर्षांचा विचार उभा आहे. आहार शुद्ध असला की अंतःकरण शुद्ध होते, असे छांदोग्य उपनिषद मानते. आहार म्हणजे काय, यावर मात्र आचार्यांचे एकमत नाही. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ इंद्रियांनी आत घेतलेले विषय असा केला. डोळ्यांनी, कानांनी आपण जे आत घेतो ते रागद्वेषाने मळलेले नसावे, हा त्यांचा रोख. रामानुजांनी ताटातले अन्नच धरले आणि त्याला लागणारे तीन दोष सांगितले. पहिला जातिदोष, म्हणजे पदार्थाच्या प्रकारातलाच दोष. कांदा-लसूण, मांस यांत मोडतात. दुसरा आश्रयदोष, अन्न कोणाकडून आले, त्या माणसाचा दोष. तिसरा निमित्तदोष, अन्नात केस, माती, किडे पडणे. पुढे विवेकानंद हे तीन दोष समजावून सांगत आणि धर्म स्वयंपाकघरात जाऊन बसला म्हणून चिडतही.

मुंबईच्या हॉटेलांचा इतिहास या तीन दोषांच्या चष्म्यातून पाहिला तर शहराने नेमके काय मोडले आणि काय जपले, ते लख्ख दिसते.

१८९० हे साल घेऊ. पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. घडवून आणणारे होते गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण त्या काळच्या पीठाच्या शंकराचार्यांपर्यंत पोहोचले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताचा विषय टाळता आला नाही. चहात दोष नव्हता, कपात नव्हता. देणाऱ्याच्या हातात होता. निव्वळ आश्रयदोष.

त्याच सुमारास मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचा धंदा सुरू केला. कचेरीत बसलेल्या माणसाला भूक दुपारी लागते आणि घर कित्येक मैलांवर असते. परक्याच्या हातचे खायचे नाही, तर घरचेच मागवायचे. डबा हा आश्रयदोष टाळण्याचा शहरी तोडगा होता. गंमत अशी, की सोवळ्यात शिजलेला तो भात लोकलमधून, चार-पाच अनोळखी हातांतून फिरत टेबलावर येई आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नसे. पितळी झाकण लागले की शिवाशिव संपली, असे जणू सर्वांनी न बोलता ठरवून टाकले. नियम पाळायचाच होता, पण गाडीच्या वेळापत्रकात बसेल इतकाच.

ज्यांना घर नव्हते त्यांचे काय? गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले एकटे पुरुष खाणावळीत जेवत. ती बहुधा गावाकडच्याच, ओळखीच्या बाईची असे. याच बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खाणावळीत जातगाव टिकून राहिले. हॉटेलात ते सुटत गेले, आणि आश्चर्य म्हणजे सोवळ्याच्याच आधाराने सुटत गेले.

उडप्याचे हॉटेल घ्या. आचारी ब्राह्मण असला की त्याच्या हातचे सर्वांना चालते, हा आश्रयदोषाचाच उलटा नियम. दक्षिण कन्नडमधून आलेल्या हॉटेलवाल्यांना त्याने बाजारपेठ मिळवून दिली. १९४२ मध्ये माटुंग्याला रामा नायक यांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले आणि केळीच्या पानावरचे जेवण नोकरदारांना परवडेल असे केले. शिजवणाऱ्याची हमी होती. शेजारी जेवणाऱ्याची मात्र कोणीच देऊ शकत नव्हते. पंगतीत कोणाशेजारी कोण, हे गावात यजमान ठरवी. इथे कुठली खुर्ची रिकामी आहे त्यावर ते ठरू लागले. खुद्द उडुपीच्या श्रीकृष्ण मठात ब्राह्मणांच्या वेगळ्या पंगतीवरून एकविसाव्या शतकातही आंदोलने झाली. गावाचे नाव घेऊन मुंबईत आलेल्या हॉटेलांनी मात्र वेगळी पंगत केव्हाच मोडीत काढली, आणि तीही एकही ठराव न करता.

दादरला १९१० पासून चालत आलेल्या मामा काणे यांच्या उपाहारगृहाने पाटीवर ‘स्वच्छ’ हा शब्द मिरवला. गिऱ्हाइकाची चिंता तिसऱ्या दोषाकडे सरकू लागल्याची ती खूण म्हणता येईल.

इराण्याची गोष्ट निराळी. यझ्द आणि केरमान भागांतून आलेले हे झरतुष्ट्री हिंदूंच्या सोवळ्यात बसत नव्हते, मुसलमानांच्या चालीरीतींतही नव्हते. इमारतीच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. दोन रस्त्यांना तोंड असलेला तो कोपरा चहाला फारच मानवला. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. इराण्याच्या भिंतीवरच्या सूचना प्रसिद्धच आहेत. निस्सीम इझिकेल यांनी त्यांची कविता केली. केस विंचरू नका, गल्ल्यावरच्या माणसाशी गप्पा मारू नका, फार वेळ बसू नका. इतकी बंधने घालणाऱ्या मालकाला आत येणाऱ्याची जात विचारण्यात रस नव्हता. त्याच काळात रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी वेगळे आणि मुसलमान पाणी वेगळे मिळत होते, हे लक्षात घेतले की त्या संगमरवरी टेबलाचे मोल कळते.

भेंडीबाजारच्या बोहरी मोहल्ल्यात तर प्रश्नच उलटा होतो. दाऊदी बोहरी कुटुंबात आठएक जण एकाच थाळाभोवती बसतात, मिठाच्या चिमटीने सुरुवात करतात आणि एकाच ताटातून खातात. हिंदू घरात जे उष्टे म्हणून टाळले जाते, ते तिथे धर्माचे आचरण. वारकऱ्यांच्या काल्यातही एकमेकांच्या तोंडी घास जातो. पण काला संपला की वारकरी आपापल्या घरी जातो आणि घरची चूल पुन्हा जातीची होते.

इथेच डॉ. आंबेडकरांचा आक्षेप उभा राहतो. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात त्यांनी सहभोजनाचे कौतुक मर्यादितच ठेवले. एकत्र जेवणाऱ्या जाती पूर्वीही होत्या, म्हणून जातीची जाणीव मेली नाही. बेटीव्यवहार झाला पाहिजे आणि मुळात शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा हलली पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. ते पुस्तकातून आलेले नव्हते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि दुसऱ्याची थुंकी लागण्याचा विटाळ सवर्ण विणकरांना नको होता. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे ज्या शहरात चहाचे टेबल सर्वांना खुले होत होते, तिथेच यंत्रापाशी आश्रयदोष पगार ठरवत होता. खात्याबाहेर ठेवलेला कामगार चांगल्या मजुरीच्या कामालाच मुकला होता.

मग हॉटेलातली समता खोटी का? मन बदलले नाही, फक्त भूक लागली होती आणि खिशात पैसे होते, एवढ्यानेच जो शेजारी बसला त्याच्या समतेला नैतिक किंमत किती? धर्माच्या दृष्टीने पाहिले तर कमी. हेतूशिवाय केलेल्या कर्माला कोणताही आचार्य पुण्य म्हणणार नाही. पण ज्याला बाहेर उभे केले जात होते, त्याच्या दृष्टीने हा हिशेब वेगळा आहे. शेजाऱ्याचे हृदयपरिवर्तन होईपर्यंत त्याने उपाशी थांबायचे नसते. संविधान सभेने ही बाजू घेतली. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, जात, लिंग यांवरून कोणाला अडवता येणार नाही, असे कलम १५ सांगते. २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ मुद्दाम व्यापक ठेवला. जिथे कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो ती प्रत्येक जागा त्यात यावी, धोब्याची आणि न्हाव्याचीही.

कायद्याने आश्रयदोष असा हद्दपार केला. जातिदोषाला, म्हणजे पदार्थाच्या दोषाला, हात लावला नाही आणि ते योग्यच होते. कोणी मांस खाऊ नये असे मानणे हा श्रद्धेचा आणि करुणेचाही भाग असू शकतो. जैन थाळी मागणारा कोणाचा अपमान करीत नाही. अडचण सुरू होते ती पदार्थाचा दोष खाणाऱ्या माणसाला चिकटवला जातो तेव्हा. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत शाकाहारींसाठी वेगळ्या टेबलांवरून वाद पेटला तो याच मुद्द्यावर. ताटात काय आहे हा प्रश्न तिथे मागे पडला. शेजारी कोण बसले आहे हा पुढे आला. मुंबईतल्या काही गृहसंस्थांत मांसाहारी भाडेकरूला नकार मिळतो, तेव्हाही नकाराचे कारण स्वयंपाकघरातले सांगितले जाते आणि बंद होते ते घराचे दार.

स्वतःच्या ताटात काय घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यासाठी वेगळे भांडे, वेगळी कढई मागण्याचाही त्याला हक्क आहे. शेजारच्या खुर्चीवर कोणी बसावे हे ठरवण्याचा हक्क मात्र शाकाहार देत नाही. वेगळे टेबल मागणारा माणूस आहारशुद्धीचे नाव घेऊन आश्रयदोषच परत आणतो आहे, आणि तो नाकारताना कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागत नाही.