पाणी कुणाच्या मालकीचं?

पर्यावरण म्हटलं की आपल्या पोरांच्या कपाळाला आठी पडते. 'ही पोट भरलेल्यांची भानगड. आपल्याला आधी घर पाहिजे, नळ पाहिजे.' खोटं नाही. पण असं बोलून आपण पाण्याचा सगळा कारभार पुन्हा त्यांच्याच ओट्यावर नेऊन ठेवतो, त्याचं काय?

दुसरीकडे सभ्य भाषणं चालूच. पृथ्वी सर्वांची, माणूस हावरट, आपण सगळेच जबाबदार. सगळे म्हणजे कोण? महाडच्या तळ्यावर ढोरं पाणी पीत होती तेव्हा 'सगळ्यां'त आपण नव्हतो. मुंबई कौन्सिलचा ठराव 1923 चा, नगरपालिकेनं तळं खुलं केलं 1924 ला. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना ओंजळ भरायला जावं लागलं, आणि आपल्या माणसांची डोकी फुटली. हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. हक्काच्या वेळी बाहेर आणि जबाबदारीच्या वेळी आत, हा न्याय कुठला?

आता गिरीजकडे बघा. वसईच्या पश्चिमेची बागायत. केळी, पानवेल, फुलं, भाजी. जमिनीखाली गोडं पाणी, आणि त्याला लागूनच समुद्राचं खारं. पावसाचं पाणी जिरावं म्हणून जुन्या लोकांनी वाडीवाडीत बावखलं राखली. गोडं जिरलं तर खारं मागं राहतं, गोडं बेसुमार उपसलं की खारं आत घुसतं. एवढं साधं गणित. ऐंशीच्या दशकात नालासोपारा-विरारकडे इमारती उठल्या, नळाचा पत्ता नाही. मग वसईतल्या बागायतीच्या विहिरींवर पंप बसले, टँकरच्या रांगा लागल्या, विहिरी मचूळ व्हायला लागल्या. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढं झाले, माणसं रस्त्यावर उतरली. टँकरवाल्यांशी आणि बिल्डरांशी वैर घ्यायचं म्हणजे खेळ नव्हता. त्या लढ्याला आपला सलाम आहे.

पण पाणी विकलं कुणी? विहीरवाल्यानंच. आणि कायदा त्याच्या पाठीशी होता. इंग्रजांचा 1882 चा सुविधाधिकार कायदा सांगतो, जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी उपसायचा हक्क त्याचा. शेजाऱ्याची विहीर आटली तर आटली. महाराष्ट्रानं 2009 चा भूजल कायदा केला, 2014 ला लागू केला, तरी मालकीचं मूळ काही उपटलं नाही. दोस्तांनो, याचा अर्थ लावा. ज्याला जमीन नाही त्याला जमिनीखालचं पाणीही नाही. पूर्वी 'विहिरीला शिवू नको' म्हणायचे. आता म्हणायची गरजच पडत नाही, सातबारा बोलतो.

मग चोर कोण? मुंबईत खोली परवडली नाही म्हणून नालासोपाऱ्याला आलेली बाई टँकरचं पाणी विकत घेते, ती? तिला जबाबदार धरणाऱ्याची मला कीव येते. पण तिचा नळ भरतो कुठून, हे तिनंही विचारायला पाहिजे. सूर्या नदीवरचं धामणी धरण बांधलं आदिवासींच्या शेतीला पाणी द्यायचं सांगून. आता त्याच सूर्येच्या योजनेत रोजचे 40 कोटी 30 लाख लिटर शहरांच्या नावावर आहेत. 18 कोटी 50 लाख वसई-विरारला, 21 कोटी 80 लाख मीरा-भाईंदरला. वारली बाईच्या डोक्यावर हंडा तसाच. आणि वापरून झालेलं पाणी? एप्रिल 2024 मध्ये विरारला सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. पाण्याच्या वरच्या टोकाला कोण आणि खालच्या टोकाला कोण, बघून घ्या.

म्हणून जबाबदारी डोकी मोजून वाटायची नाही, उपशावर लावायची. ज्यानं जेवढं उपसलं तेवढं त्याच्या अंगावर. ही गोष्ट प्रस्थापितांना रुचणार नाही, ती आपल्यालाही टोचणार आहे. कारण उद्या आपल्यातल्या एकानं गुंठाभर जागा घेतली, बोअर मारली आणि टँकर लावला, तर तो महाडचा वारस की 1882 च्या कायद्याचा? चवदार तळं सार्वजनिक होतं, भांडण सार्वजनिक पाण्यासाठी होतं. पाणी विकायची आपली पाळी यावी म्हणून नव्हतं. मजूर मंत्री असताना, 1942 ते 46 मध्ये, बाबासाहेब दामोदर खोऱ्याच्या योजनेत पडले. नदी ही अख्ख्या देशानं नियोजन करायची संपत्ती आहे, हे धरूनच पडले.

तेव्हा प्रभागाच्या बैठकीला जा. मागच्या बाकावर बसू नका. आपल्या वस्तीत येणारा टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, दिवसाला किती खेपा करतो आणि त्या विहिरीशेजारी राहणाऱ्या बिनजमिनीच्या माणसाला कधी विचारलं का, हे तिथं उभं राहून विचारा.