शेजाऱ्याने विचारले तर?



"तुम्ही खरेच येशूचे शरीर खाता?" असे शेजाऱ्याने विचारले, की "फादरांना विचारा" म्हणून आपण मोकळे होतो. पहिल्या ख्रिस्ती लोकांवर तर नरमांस खाण्याचा आळ होता. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन ह्यांनी रोमन सम्राटाला लेखी उत्तर दिले. ते प्रापंचिकच होते, फादर नव्हेत! रविवारची वाचने, प्रवचन, भाकर व द्राक्षारस, अनाथ-विधवांसाठी दान, सारे त्यांनी उघड सांगितले. 'ही साधी भाकरच' असे म्हणणे सोपे होते. पण हे ख्रिस्ताचेच शरीर, असे त्यांनी लिहिले. उत्तर द्यायला सदैव तयार राहा, पण सौम्यतेने, असे संत पेत्रही सांगतात (१ पेत्र ३:१५). पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर थोडे थांबा. ह्याच प्रश्नापासून सुरुवात करू.