गुण जन्माचे कीं निवडीचे?

संगणकावरील भूमिका-खेळांत आरंभींच खेळाडूस आपलें पात्र घडवावें लागतें. १९७४ सालीं निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या खेळाच्या २०१४ च्या नियमांत ‘ड्वॉर्फ’ कुळास काटकपणाचे आणि ‘एल्फ’ कुळास चपळाईचे दोन गुण जन्मतःच अधिक मिळत. त्याच खेळावर रचलेल्या, २०२३ सालीं पुरा झालेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्यें हें बंधन सुटलें. वाढीव गुण कोणत्याही कुळाच्या पात्रास हवे तेथें लावतां येऊं लागले.

ह्यावरून खेळाडूंत दोन तट पडले. एक म्हणतो, न्याय झाला. दुसरा विचारतो, सारींच कुळें सारखीं, तर निवडावें काय? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. मर्यादेवांचून खेळ होत नाहीं. बुद्धिबळांतला उंट तिरपाच चालतो म्हणून त्याच्या चालीस गोडी. शिवाय खेळांत जन्म स्वतः निवडतां येतो. मग अन्याय कोणावर?

आमचें उत्तर असें: खेळाडू निवडतो तें स्वतःपुरतें, परंतु कुळावरून पात्रता ओळखण्याची संवय मात्र मनास जडते. खानदेशास हें नवें नाहीं. इंग्रज अधिकारी येथील भिल्लांस लुटारू जात म्हणून लिहीत. १८२५ मध्यें औट्रामनें धरणगांवीं त्यांचेंच पथक उभारलें आणि तेच मुलखाचे रखवालदार ठरले. रक्त तेंच होतें. सरकारी वहींतील नोंद तेवढी बदलली.

मूळ खेळाच्या २०२४ च्या नियमांत वाढीव गुण कुळाऐवजीं पात्राच्या पूर्वायुष्यावरून, म्हणजे बहुधा त्याच्या पेशावरून, ठरतात. परदेशीं ही मोकळीक वाटेल; पण जेथें पेशाच पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून ठरत आला, तेथील वाचकानें क्षणभर थांबावें. जन्माच्या जागीं पेशा आला एवढ्यानें भागत नाहीं. तो पेशा ज्याचा त्यानें निवडला काय, हें पाहिलें पाहिजे.

जुन्या नियमांसाठीं हळहळणाऱ्यांनीं म्हणून स्वतःस पुसावें, कीं आपणांस उणीव भासते ती वैचित्र्याची कीं उच्चनीचतेची? नव्या खेळांतही एल्फला अंधारांत दिसतें, ड्वॉर्फ विषास अधिक तोंड देतो. वैचित्र्य गेलेलें नाहीं. अमक्या कुळांत जन्मला म्हणून तो अमकेंच होण्यास योग्य, एवढा निवाडा गेला. आणि तो गेल्याचें दुःख आम्हांस तरी वाटत नाहीं.