शब्दांवाचूनचं हसू

दिवाळी सरली की शिरूर-दौंडकडच्या मोकळ्या रानांत मेंढरांचे वाडे दिसू लागतात. खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतो, धनगर काही दिवस राहतो आणि पुढच्या रानाकडे निघतो. घोडनदीच्या अलीकडे अशाच एका वाड्यावर मागच्या हिवाळ्यात मी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला फोनवर ‘शॉन द शीप’ ही बाहुल्यांची मालिका लावून दिली. पहिलाच भाग. मेंढरांना कोबीचा गड्डा सापडतो आणि त्याचा फुटबॉल होतो. पोरगं खदखदून हसलं, आणि दर वेळी माझ्या आधी हसलं. कळपातलं कोणतं मेंढरू आता बिथरणार, हे त्याला मानेवरूनच ओळखू येत होतं. मालकाची चाहूल लागताच मेंढरं साळसूदपणे चरू लागतात आणि राखणीचा कुत्रा त्यांना सांभाळून घेतो, हा या मालिकेचा नेहमीचा डाव. तो पाहून मुलगा म्हणाला, “कुत्र्याला समदं कळतंय, पण त्यो सांगत न्हाय.”

मालिकेचं मर्म त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं.

ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओनं 2007 साली ही मालिका सुरू केली. भाग साधारण सात मिनिटांचा. बाहुली किंचित हलवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. सेकंदाला बारा चित्रं धरली तरी एका भागाला पाच हजार होतात. मालक काहीतरी पुटपुटतो, पण त्यात शब्द नसतो. सगळा अर्थ भुवईत, मानेत आणि थबकण्यात.

हे आपल्याला परकं वाटायला नको. दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ याच पद्धतीनं केली होती, साध्या काड्यापेटीतल्या काड्या हलवून. पण तो धागा आपण सोडून दिला. मराठी विनोद पुढे शब्दांच्या अंगानं वाढला. कोटी, शाब्दिक कसरत, बतावणीतली सवाल-जवाबांची फैर. त्याचा मला अभिमान आहे. मात्र त्यापायी अंगविक्षेपाच्या विनोदाला आपण ‘माकडचेष्टा’ म्हणून खालच्या पायरीवर बसवलं, आणि तिथं आपलं चुकलं. नेमक्या क्षणी पडणं हे नेमक्या क्षणी बोलण्याइतकंच अवघड असतं.

मुलांच्या बाबतीत तर आपल्याला शांतता सोसतच नाही. ‘ऑगी अँड द कॉक्रोचेस’ ही फ्रान्सची मालिकाही जवळजवळ निःशब्द. आपल्याकडे आली तेव्हा त्यातल्या ऑगी या मांजराच्या तोंडी शाहरुख खानच्या ढबीची हिंदी घालण्यात आली. मुलांना ती आवडली, हे खरं. पण आता काय होईल, हे मुलानं स्वतः ताडायची जी जागा होती, ती बडबडीनं भरून गेली. हसू तयार मिळालं, शोधावं लागलं नाही.

शिरूरमध्ये अशा शब्दांवाचूनच्या हसण्याला वेगळं मोल आहे. रांजणगावच्या एमआयडीसीमुळे हिंदी बोलणारी घरं आली. उसाच्या हंगामात बीडकडची टोळी येते, तिची मराठी निराळ्या वळणाची. धनगराचं पोर तर वर्षातून कितीदा गाव बदलतं. अशी मुलं एका वर्गात बसली की बोलीवरून लगेच पायऱ्या पडतात. ज्याची भाषा पुस्तकाजवळची तो हुशार, बाकीचे गप्प. कोबीचा गड्डा उडतो तेव्हा मात्र ही उतरंड उरत नाही. सगळे एकाच क्षणी हसतात, आणि मेंढरं राखणारा त्यातही पुढे असतो. गप्प मूल मठ्ठ नसतं, हे वर्गासमोर सिद्ध करायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

म्हणून शिक्षकांना आणि आई-बापांना एकच विनंती. शाळेत पडदा असेल तर आठवड्याला सात मिनिटं अशा मालिकेला द्या. शिट्टी, संगीत, बें बें, सगळं ऐकू द्या. फक्त मध्येच “बघ, आता तो पडेल” असं म्हणू नका. संपल्यावर सगळ्यांत गप्प असणाऱ्या मुलाला विचारा, काय झालं ते. तो ज्या बोलीत सांगेल, त्या बोलीत ऐकून घ्या.